बाईंच्या खुंट्या

"उचललं की खाली ठेवावं लागतं," बाई म्हणाल्या. "सांग त्यांना."

समोर परदेशातून आलेले आठ-दहा पाहुणे उभे होते. त्यातल्या एका उंच, उन्हाने लालबुंद झालेल्या गृहस्थांनी दोन वर्षांच्या एका पोराला खांद्यावर घेतलं होतं आणि पोर खिदळत होतं. मी बाईंचं वाक्य इंग्रजीत केलं. गृहस्थांना वाटलं, वजनाची काळजी चालली आहे. ते हसून म्हणाले, अजिबात जड नाही. मी तेही मराठीत केलं.

"आता नाही लागायचं जड," बाई म्हणाल्या. "चार वाजता मोटार येईल तेव्हा लागेल. पोरानं हात वर केले तर तुम्ही खाली बसा म्हणावं. लेकरांना तेवढं पुरतं."

गृहस्थांनी पोराला खाली ठेवलं. ते रडलं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याला उचललं होतं.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. आमचं घराणं मूळचं नांदेडकडचं, शेतकरी. आजोबा निजामाच्या काळात हैदराबादला आले. वडील सरकारी कचेरीत होते आणि घर नल्लकुंट्यात. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, मित्रांत दखनी उर्दू, शाळा इंग्रजी. या चार भाषांचं कुणाला कौतुक नव्हतं, आमच्याकडे त्या सगळ्यांनाच येत. पण ते दिवस देशाची दारं उघडण्याचे होते. गच्च्यांवर डिश अँटेना उगवत होत्या, दिलसुखनगरच्या प्रत्येक जिन्यात कॉम्प्युटर क्लासची पाटी लागत होती, आणि परदेशी चर्चची पथकंही पूर्वीपेक्षा जास्त येऊ लागली होती. दोन आठवड्यांसाठी माणसं यायची, अनाथाश्रमांमधून मुलांबरोबर राहायची, गाणी शिकवायची आणि रडत परत जायची. ही पथकं फिरवणाऱ्या एका छोट्या मिशनच्या कचेरीला दुभाषा हवा होता. मी हिंदू आहे हे मी आधीच सांगून टाकलं. तिथले पास्टर म्हणाले, भाषांतराला बाप्तिस्मा लागत नाही.

वडील आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. आई म्हणाली, लेकरांचंच काम आहे ना, कर. मला लेकरांचं काही पडलेलं नव्हतं. मला बाहेरच्या देशात जायचं होतं आणि ही माणसं बाहेरून आलेली होती, एवढंच माझ्या मनात होतं. हे लिहायला मला तीस वर्षं लागली.

बाई जालन्याकडच्या मराठी ख्रिस्ती. नर्सिंग शिकायला म्हणून तरुणपणी हैदराबादला आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. दिलसुखनगरच्या मागच्या गल्लीत एका बैठ्या, लांबट घरात त्या तीसेक मुलांचा संसार चालवत. मुलं त्यांना अम्मा म्हणत. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांनी मला जवळ बोलावून नीट निरखलं आणि म्हणाल्या, "मला बाई म्हण. मराठीत मला कुणी बाई म्हटल्याला लई दिवस झाले." बुटकी मूर्ती, पांढरी सुती साडी, पायात पुरुषी चपला. इतर आश्रमांच्या बायांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. बाईंच्या कमरेला दोऱ्याने बांधलेली उवांची फणी होती. बोलता बोलता त्या हाताशी येईल ते डोकं धरत आणि विंचरायला घेत. एकदा मिशनच्या मोठ्या साहेबांशी बोलताना त्यांनी सवयीने साहेबांच्या मुलीचं डोकं धरलं होतं, आणि त्यात उवा सापडल्या होत्या.

मुलांना त्या तेलुगूत रागावत, भाजीवाल्याशी दखनीत भांडत, देवाशी मात्र मराठीत बोलत. आणि प्रार्थना डोळे उघडे ठेवून करत. सगळे डोळे मिटून हात जोडून उभे, आणि बाईंची नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरते आहे. "हे प्रभो, आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" म्हणता म्हणता त्या मध्येच कुणी कुणाला काढलेला चिमटा सोडवत. एका पास्टरांनी त्यांना याबद्दल टोकलं तर म्हणाल्या, "देव झाकल्या डोळ्यांनी बघतो का? तीस लेकरं आहेत. एकानं तरी डोळे उघडे ठेवावेत."

पाहुण्यांना त्या मोकळं बसू देत नसत. आले की हातात सूप देत. तांदूळ निवडायचे. शेजारी मुलं बसत, तीही निवडत. गाणी, फोटो, फुगे सगळं चालेल, पण आधी तांदूळ. सुरुवातीला मला याची लाज वाटे. लांबून आलेली माणसं, आणि ही बाई त्यांना खडे वेचायला बसवते. पण मी पाहिलं की तासाभराने सुपाभोवतीची माणसं आणि मुलं एकमेकांशी खाणाखुणांनी बोलू लागत आणि मला कुणी हाक मारत नसे. इतर आश्रमांत माझा घसा दिवसभर सुकायचा.

पण बाईंची खरी ओळख म्हणजे त्यांच्या खुंट्या.

पडवीच्या भिंतीला एक फळी ठोकलेली होती आणि तिला ओळीने लाकडी खुंट्या. निघताना पाहुण्यांपैकी कुणी भरल्या डोळ्यांनी म्हणालं, मी परत येईन, की बाई हात पुढे करत. परत येणार ना? मग तुमची एखादी वस्तू ठेवून जा. टोपी, छत्री, गॉगल, काहीही, पण रोज लागणारी. ती खुंटीवर टांगली जाई, खाली नावाची चिठ्ठी. मुलांनी तिला हात लावायचा नाही. शनिवारी बाई स्वतः त्या वस्तू पुसत. आणि येणं जमणार नसेल तर ती वस्तू स्वतः येऊन काढून न्यायची, मुलांच्या समोर. पोस्टाने मागवायची नाही, ड्रायव्हरला पाठवायचं नाही. "काढून न्यायची हिंमत नसेल तर टांगू नका," असं त्या स्वच्छ सांगत. बहुतेकांचा हात मग खिशातच राही. ते नुसताच निरोप घेत, आणि बाई त्यांना आनंदाने फाटकापर्यंत पोचवायला जात. मुलांना त्या खुंट्या वाचता येत. भरली खुंटी म्हणजे कदाचित. रिकामी खुंटी म्हणजे नाही.

मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावून ठेवलं होतं. सगळ्याचं भाषांतर कर. पण कुणी वचन द्यायला लागलं की थांबायचं आणि माझ्याकडं बघायचं.

त्या पावसाळ्यातल्या पथकात निळ्या टोपीची एक तरुण शिक्षिका होती. मनाने फार चांगली. तिच्याबद्दल माझ्या मनात आजही वाकडं काही नाही. दोन आठवडे ती आणि सुगुणा नावाची आठ वर्षांची मुलगी एकाच सुपाशी बसल्या. सुगुणा अबोल होती. ती सापडली तो भोगीचा दिवस होता. संक्रांतीच्या आदल्या पहाटे तेलुगू घरांसमोर जुन्या सामानाची होळी पेटवतात, तशाच एका शेकोटीशेजारी ती एकटी हात शेकत बसली होती. ज्या दिवशी जे मूल घरात आलं तो त्याचा वाढदिवस, असा बाईंचा नियम. म्हणून सुगुणाचा वाढदिवस भोगीला.

पथकाच्या शेवटच्या दिवशी बाई घरात नव्हत्या. एका मुलाला ताप भरला म्हणून त्याला घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या. फाटकापाशी मोटार उभी होती. निळ्या टोपीवाली सुगुणासमोर गुडघ्यांवर बसली, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली की तुझ्या वाढदिवसाला परत यायचा मी खूप प्रयत्न करीन. मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

मी थांबायला हवं होतं. पण पथकाचे प्रमुख बाजूलाच उभे होते आणि परदेशातल्या एका कॉलेजसाठी ते मला शिफारसपत्र देणार होते. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. अशा वेळी "प्रयत्न" हा शब्द मला कंजूष वाटला. मी तेलुगूत सुगुणाला सांगितलं की तुझ्या वाढदिवसाला ती येणार आहे. एवढ्यावर थांबलो नाही. "नक्की," असंही म्हणालो. सुगुणा हसली. त्या दोन आठवड्यांत मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. प्रमुखांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

मोटार गेली. सुगुणा पडवीत गेली, खुंट्यांकडे पाहिलं आणि मला विचारलं, तिने काय टांगलं?

माझ्या हातात माझं हेल्मेट होतं. त्या काळी आमच्या गल्लीत हेल्मेट घालणारा मी एकटाच. कचेरीतल्या कुणाचा अपघात झाल्यावर वडिलांनी ते जबरदस्तीने आणलं होतं आणि मित्र मला चिडवत, "क्या मियाँ, चाँद पे जारै क्या?" मी ते खुंटीवर टांगलं आणि म्हणालो, हे तिच्या वतीने.

तेवढ्यात बाई रिक्षातून उतरल्या. पोराला आत झोपवून बाहेर आल्या, हेल्मेट पाहिलं, आणि मला फाटकाबाहेर घेऊन गेल्या. मी सगळं सांगितलं. प्रयत्नाचा शब्द गाळल्याचंही सांगितलं, कारण बाईंसमोर काही लपवता येत नसे. मला वाटलं त्या ओरडतील. त्या अगदी सावकाश बोलल्या.

"पोरीला इंग्रजी येतं का?"

"नाही."

"मग तिच्या कानात आवाज कुणाचा गेला?"

"माझा."

"मग वचन कुणी दिलं?"

मी वळून पडवीकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "त्या बाईनं काय बी दिलं नाही. तिनं खरं सांगितलं होतं. हेल्मेट तुझंच आहे, तुझ्याच वतीनं राहू दे. सांभाळून जा घरला. डोकं उघडं आहे."

तेव्हापासून मी उघड्या डोक्याने स्कूटर चालवू लागलो. वडिलांना सांगितलं की चोरीला गेलं. भोगीच्या दिवशी मी बाईंकडे गेलो तेव्हा सुगुणा पायरीवर बसलेली होती. तिने माझ्या मागची सीट पाहिली, मग गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. मी सबबी शोधत होतो. विमान, रजा, आजारपण. बाई दारात उभ्या होत्या. मी पायरीवर सुगुणाच्या खालच्या बाजूला बसलो आणि तिला खरं सांगितलं. ती म्हणाली होती, प्रयत्न करीन. येणार, असं मी म्हणालो. मी खोटं बोललो.

सुगुणाने विचारलं, "पुढच्या वर्षी तू येशील?"

"येईन," मी म्हणालो. बाईंनी दारातून विचारलं, "येशील, का प्रयत्न करशील?" मी म्हणालो, येईन. हेल्मेट खुंटीवरच राहिलं.

त्या घरात वाढदिवसाला केक नसे. ज्याचा वाढदिवस त्याने दिवसभर बाईंच्या खुर्चीत बसायचं आणि तो सांगेल ते सगळ्यांनी ऐकायचं, बाईंनीसुद्धा. कुणी बाईंना लंगडी घालायला लावे, कुणी पाढे म्हणायला. त्या दिवशी सुगुणा खुर्चीत बसली आणि तिने हुकूम सोडला, "अम्मा, आज डोळे मिटून प्रार्थना कर."

बाईंनी डोळे मिटले. मला वाटलं होतं, आता दंगा होईल, लाडवांचं ताट रिकामं होईल. एकही मूल हललं नाही. सगळी जणं, डोळे उघडे ठेवून, बाईंकडे पाहत होती. डोळे मिटलेल्या त्या चेहऱ्यावर किती थकवा होता ते मी तेव्हा पाहिलं. एरवी ती नजर तो दिसू देत नसे. प्रार्थना लांबली. मधेच बाईंचा आवाज थांबला, आणि आम्हाला कळलं की त्या उभ्याउभ्याच झोपल्या आहेत. सुगुणाने ओठांवर बोट ठेवलं. तीस मुलं श्वास रोखून उभी राहिली, बाई आपोआप जाग्या होईपर्यंत. देवळात, चर्चमध्ये, दर्ग्यात मी त्यानंतर पुष्कळदा गेलो आहे. तेवढी शांतता मला कुठे मिळाली नाही.

मी चार भोग्या पाळल्या. दरम्यान दिलसुखनगरच्या त्याच जिन्यांपैकी एका क्लासात मी कॉम्प्युटर शिकलो. सगळ्या जगाला दोन हजार सालाची धास्ती लागली होती आणि आमच्यासारख्यांना पटापट नोकऱ्या मिळत होत्या. मलाही परदेशातली मिळाली. पाचव्या भोगीला माझं विमान दोन दिवसांवर होतं. मी हैदराबादमध्येच होतो. कुकटपल्लीत एका मित्राच्या नव्या फ्लॅटवर मला निरोपाचं जेवण होतं. दुपारी स्कूटरने बाईंकडे जाऊन येणं सहज जमलं असतं.

मी गेलो नाही. गेलो असतो तर मुलांच्या समोर, सुगुणाच्या समोर, ते हेल्मेट खुंटीवरून काढावं लागलं असतं. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. मी मनाशी म्हणालो, परत आलो की जाऊ. मी स्वतःशीच बोललो, त्यामुळे या वेळी मधे दुभाषा नव्हता, तरी प्रयत्नाचा शब्द गळला तो गळलाच.

विसाहून जास्त वर्षं गेली. मी परत आलो, पुण्यात स्थायिक झालो. हैदराबादला भावाकडे येणं-जाणं होतं, पण दिलसुखनगरचा रस्ता मी टाळत असे. गेल्या वर्षी आई गेली. तिच्या सामानात माझ्या त्या दिवसांतलं मिशनचं ओळखपत्र निघालं. तिने ते जपून ठेवलं होतं. यंदा जानेवारीत, भोगीच्या दिवशी, मी बाईंच्या गल्लीत गेलो.

घर उभं होतं. बाजूला दोन खोल्या वाढल्या होत्या. बाई जाऊन सहा वर्षं झाली असं फाटकावरच्या माणसाने सांगितलं. पायरीवर चाळिशीकडे झुकलेली एक स्त्री तांदूळ निवडत बसली होती. मोठ्या दवाखान्यात परिचारिका आहे, दर भोगीला रजा काढून येते, हे मला नंतर कळलं. तिने मान वर केली आणि मराठीत म्हणाली, "चपला तिकडं काढा."

ती बाईंचीच मराठी होती, जालन्याकडची. एका तेलुगू मुलीने ती प्रार्थना ऐकत ऐकत उचलली होती. मी नाव सांगायच्या आधीच तिने पडवीच्या भिंतीकडे बोट केलं.

एकच खुंटी भरलेली होती. हेल्मेट स्वच्छ पुसलेलं होतं. त्याची एक कड वितळून वाकडी झाली होती.

"ते मी जाळलं होतं," सुगुणा म्हणाली. "चौदा वर्षांची असताना. भोगीच्या शेकोटीत टाकलं. अम्मानं हात घालून काढलं. दोन बोटं भाजली तिची, शेवटपर्यंत वाकत नव्हती. मला म्हणाली, जाळायचं असेल तर तो आल्यावर त्याच्यासमोर जाळ."

मी विचारलं, मी आलो नाही त्या पहिल्या वर्षी बाई काय म्हणाल्या?

"संध्याकाळपर्यंत मी इथंच बसले होते. अम्मा येऊन शेजारी बसली. येईल म्हणाली नाही. येणार नाही असं बी म्हणाली नाही. म्हणाली, आज आला नाही. दर वर्षी तेवढंच म्हणायची. आज आला नाही." तिने सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. "मग भिंतीला रंग लावायचा होता तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, आता हे काढून टाका. तर म्हणाली, राहू द्या. जिवंत असेल तर येईल. मेला असेल तर हेल्मेट नव्हतं म्हणून मेला असेल, मग तर आपलीच चूक."

मला हसू आलं, आणि मग मला हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. सुगुणा तांदूळ निवडत राहिली. तिने मला पाणी आणून दिलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. माझं संपेपर्यंत थांबली. मग उठून आत गेली आणि बाईंच्या जुन्या वेताच्या खुर्चीत बसली. घरातली मुलं आपसूक गोळा झाली. त्यांना ठाऊक होतं, खुर्चीत बसलेल्या माणसाचं आज ऐकायचं असतं.

"हेल्मेट काढा," ती मला म्हणाली.

मी काढलं. पंचवीस-तीस मुलांनी ते पाहिलं. भिंतीवर मागे जुन्या रंगाचं एक वर्तुळ राहिलं होतं. तिथे नवा रंग लागलेलाच नव्हता. मी हेल्मेट हातात घेऊन उभा राहिलो आणि विचारलं, दुसरं काही टांगू का? माझ्या खिशात चष्मा होता.

"नको," ती म्हणाली. मग खुर्चीच्या हातावर, जिथे बाईंचा हात असे, तिथे हलकेच थोपटून, मराठीत, अगदी हळू म्हणाली, "अम्मा, आज आला."

मी अंधार पडेपर्यंत तांदूळ निवडले.

भोगी आता पंधरा दिवसांवर आली आहे. मी कुणाला काही सांगितलेलं नाही, सुगुणालाही नाही. खुंटीवर माझं काही नाही. सकाळी स्टेशनवर जाऊन हैदराबादचं तिकीट मात्र काढून आलो.